स्क्रूटिनी कंटेनरमध्ये चालू आहे, पण एनव्हीएमई दिसत नाही आणि एक डिस्क विनाकारण ‘फेल्ड’ दाखवते

घरचा_सर्व्हर

डेबियन १२ वर डॉकर कंपोझने स्क्रूटिनीची (डिस्कची तब्येत दाखवणारं पॅनल) ऑम्निबस इमेज (सगळे भाग एकाच कंटेनरमध्ये) लावली आहे. ८०८० पोर्टवर पॅनल उघडतं. डिस्क अशा: ४ टीबीच्या दोन साटा, ५०० जीबीची एक एनव्हीएमई आणि बॅकअपसाठी यूएसबी केसमधली २ टीबीची लॅपटॉप डिस्क. कंपोझमध्ये सिस_रॉआयओ (डिस्कशी थेट बोलायची परवानगी) दिलं आहे, /रन/यूडेव्ह फक्त-वाचन माउंट केलं आहे, आणि डिव्हाइसेसखाली एसडीए, एसडीबी, एसडीसी, एनव्हीएमई०एन१ अशा चारही डिस्क लिहिल्या आहेत.

अडचणी:
१. कंटेनर चढवल्यावर पॅनल कोरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला अचानक डिस्क आल्या.
२. एनव्हीएमई अजून नाही. यूएसबीवालीही नाही.
३. एका साटा डिस्कवर लाल ‘फेल्ड’. स्मार्टसीटीएल (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या वाचणारी कमांड) मात्र त्याच डिस्कला ‘पास्ड’ म्हणतं. आत १८८ क्रमांकाचा ॲट्रिब्यूट (कमांड टाइमआउट) लाल आहे आणि रॉ व्हॅल्यू ४२९५०३२८३३! एवढे टाइमआउट झाले असतील तर मशीन चालायलाच नको.

प्रिव्हिलेज्ड ट्रू करून सगळं सुटतं असं एका ठिकाणी वाचलं. करू का?

खडखडाट

प्रिव्हिलेज्ड नको. त्याने एनव्हीएमई दिसेल, पण मग त्या कंटेनरला होस्टवरच्या (मूळ मशीनवरच्या) सगळ्या डिव्हाइसवर मोकळं रान मिळतं. स्मार्ट वाचायला एवढे अधिकार लागत नाहीत.

साडेपाचचं कोडं सोपं आहे. कलेक्टर (स्क्रूटिनीचा डिस्क वाचणारा भाग) रोज मध्यरात्री चालतो, पण कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:३०. वाट बघत बसू नका. डॉकर एक्झेकने कंटेनरमध्ये /ऑप्ट/स्क्रूटिनी/बिन मधली स्क्रूटिनी-कलेक्टर-मेट्रिक्स ही फाइल ‘रन’ देऊन चालवा, रीडिंग लगेच येतं. वेळ बदलायची तर कलेक्टर_क्रॉन_शेड्यूल हे व्हेरिएबल आहे, ते यूटीसी धरूनच लिहा. आपल्या पहाटे ३ ला हवं असेल तर ‘३० २१ * * *’. कंपोझमध्ये एन्व्हायर्नमेंट डॅशच्या यादीने लिहिलं असेल तर अवतरणचिन्हं पूर्ण ओळीला लावा, बरोबर-चिन्हानंतरच्या भागाला नको. नाहीतर ती चिन्हंसुद्धा व्हॅल्यूचा भाग होतात आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) गप्प बसतो.

एनव्हीएमईत दोन चुका आहेत. एनव्हीएमईला सिस_ॲडमिन लागतं, नुसतं सिस_रॉआयओ पुरत नाही, ते साटासाठी. आणि तुम्ही एनव्हीएमई०एन१ दिलंय, ते नेमस्पेसचं ब्लॉक डिव्हाइस. स्मार्टसीटीएलचं स्कॅन कंट्रोलर शोधतं, म्हणून /डेव्ह/एनव्हीएमई० द्या. शेवटचं एन१ काढा.

हे बदलल्यावर नुसतं रीस्टार्ट मारू नका. रीस्टार्ट जुनाच कंटेनर जुन्याच सेटिंगने उठवतो. कंपोझ अप -डी केलं तरच तो नव्याने बनतो. इन्फ्लक्सडीबीचा (रीडिंगचा इतिहास ठेवणारा डेटाबेस) फोल्डर आणि कॉन्फिगचा फोल्डर बाहेर व्हॉल्यूमवर आहेत ना ते आधी बघा. नसतील तर कंटेनर नव्याने बनताना साठलेला इतिहास जाईल.

प्लॅटर७२००

१८८ बद्दल. हा आकडा बघून डिस्क सीगेटची असावी असं वाटतं. ४२९५०३२८३३ हा एक आकडा नाहीच. ४८ बिटांत १६-१६ बिटांच्या तीन मोजण्या शेजारी ठेवल्या आहेत. १ गुणिले ४२९४९६७२९६, अधिक १ गुणिले ६५५३६, अधिक १, बेरीज करून बघा. म्हणजे तिन्ही खान्यांत फक्त १. स्मार्टसीटीएलला ‘-व्ही १८८,रॉ१६’ दिलंत की तो तुकडे पाडून दाखवतो.

स्क्रूटिनीला हे कळत नाही. तिच्याकडे दोन मोजपट्ट्या आहेत: डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेला थ्रेशोल्ड (धोक्याची मर्यादा) आणि बॅकब्लेझ या क्लाउड बॅकअप कंपनीने जाहीर केलेल्या डिस्क-बिघाडाच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज. दुसऱ्या पट्टीला ४२९ कोटी टाइमआउट दिसले, तिने लाल दिवा लावला. सीगेटच्याच डिस्कवर १ (रीड एरर) आणि ७ (सीक एरर) चे रॉ आकडेही असेच अवाढव्य दिसतात. तिथे वरचे १६ बिट चुकांचे आणि खालचे ३२ बिट एकूण ऑपरेशनचे असतात, त्यामुळे आकडा वाढतच राहतो. दचकायचं कारण नाही.

उपाय: पॅनलच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस स्टेटस थ्रेशोल्ड ‘बोथ’वरून ‘स्मार्ट’वर आणा. पण याची किंमत आहे. कंपन्यांचे स्वतःचे थ्रेशोल्ड फार सैल असतात. शेकडो सेक्टर बदलले गेले तरी डिस्क ‘पास्ड’च म्हणत राहू शकते. म्हणून ‘स्मार्ट’वर आणलंत तर ५, १८७, १९७ आणि १९८ (बदललेले किंवा नीट वाचता न येणारे सेक्टर) चे रॉ आकडे अधूनमधून स्वतः बघा. शून्यावरून हलले की बॅकअप तपासा. हलून तिथेच थांबले तर डिस्क बराच काळ चालूही शकते. आठवड्यागणिक चढत असतील तर नवी मागवा.

१९९ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. तो सीआरसी एररचा काउंटर आहे, डिस्क आणि बोर्डच्या मधल्या वाटेवरचा. बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलली तरी जुना आकडा उतरत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

घरचा_सर्व्हर

एनव्हीएमई आली, धन्यवाद. तिच्यात ‘अनसेफ शटडाउन्स’ बरेच दिसतात, आमच्याकडे लाईट फार जाते. थ्रेशोल्डही ‘स्मार्ट’वर आणला, पण कार्ड अजून लालच! आणि यूएसबीवर स्मार्टसीटीएल ‘अननोन यूएसबी ब्रिज’ म्हणून थांबतं.

खडखडाट

अनसेफ शटडाउन म्हणजे ड्राइव्हला निरोप न देता वीज तोडली एवढंच, ती फक्त नोंद आहे. एनव्हीएमईत बघायचं ते क्रिटिकल वॉर्निंग (शून्यच हवं), मीडिया एरर, अव्हेलेबल स्पेअर आणि पर्सेंटेज यूज्ड. शेवटचा आकडा १०० च्या पुढेही जातो. १०० झाला म्हणजे ड्राइव्ह मेला असं नाही, कंपनीने धरलेलं लेखनाचं आयुष्य संपलं. यूपीएस मात्र घ्याच, साटा डिस्कसाठीसुद्धा.

कार्ड लाल राहतं कारण एकदा लागलेला शिक्का कॉन्फिग फोल्डरमधल्या स्क्रूटिनी.डीबी या एसक्यूलाइट फाइलमध्ये पडून राहतो. कंटेनर थांबवा, फाइलची प्रत काढून ठेवा, मग डिव्हाइसेस टेबलमधला डिव्हाइस_स्टेटस रकाना नल करा. कंटेनर चालू करून कलेक्टर पुन्हा हाताने चालवा.

यूएसबीचं उत्तर केसमधल्या चिपवर आहे. आधी होस्टवर स्मार्टसीटीएलला ‘-डी सॅट’ देऊन बघा, बहुतेक केस त्यावर बोलतात. नाही जमलं तर ‘-डी यूएसबीजेमायक्रॉन’. (केसमध्ये एनव्हीएमई असती तर एसएनटीजेमायक्रॉन, एसएनटीएएसमीडिया, एसएनटीरिअलटेक यांपैकी एक.) जो चालेल तो कॉन्फिग फोल्डरमध्ये कलेक्टर.यॅमल बनवून लिहा: वर व्हर्जन १, खाली डिव्हाइसेस, त्यात डिव्हाइस /डेव्ह/एसडीसी आणि टाइप सॅट. इंडेंट स्पेसनेच, टॅब चालत नाही. काही स्वस्त केस स्मार्ट कमांड पुढे पाठवतच नाहीत. तिथे कुठलाही टाइप देऊन उपयोग नाही, केस बदला.

नियम एकच ठेवा: होस्टवर स्मार्टसीटीएल वाचतो का, मग तेच कंटेनरच्या आत वाचतो का, आणि त्यानंतरच पॅनल. पॅनलपासून उलटं शोधत गेलात तर दिवस जातो.

कॉपी_तीन

दोन गोष्टी राहिल्या. यूएसबी डिस्क काढून मशीन रीबूट केलं तर कंपोझमध्ये लिहिलेला एसडीसी सापडत नाही आणि अख्खा कंटेनर उठतच नाही, म्हणजे बाकीच्या तीन डिस्कवरचं लक्षही गेलं. रीबूटनंतर अक्षरं बदलूही शकतात. स्क्रूटिनी डिस्क अक्षरावरून नाही, डब्ल्यूडब्ल्यूएनवरून (डिस्कचा कायमचा ओळख-क्रमांक) ओळखते, त्यामुळे इतिहासाची सरमिसळ होत नाही. पण यॅमलमधला टाइप चुकीच्या डिस्कला लागतो. सॅट असेल तर साटा डिस्कला चालून जातं, यूएसबीजेमायक्रॉन असेल तर वाचन अडकतं. काढ-घाल होणारी डिस्क या कंटेनरमध्ये न घेतलेलीच बरी, तिला हाताने स्मार्टसीटीएल पुरे.

दुसरं, स्क्रूटिनी फक्त वाचते, डिस्कची सेल्फ टेस्ट ती लावत नाही. कुणी न वाचलेला खराब सेक्टर स्मार्टला माहीतच नसतो. होस्टवर स्मार्टडी (स्मार्टवर सतत लक्ष ठेवणारी सेवा) ठेवा: शॉर्ट टेस्ट रोज रात्री, लाँग महिन्यातून एकदा. ४ टीबीला लाँग टेस्ट कित्येक तास घेते, नेमकी मिनिटं ‘स्मार्टसीटीएल -सी’ सांगतो. दोन्ही डिस्कची एकाच रात्री लावू नका.

स्मार्टडी होस्टवर असण्याचा आणखी एक फायदा. कलेक्टर बंद पडला तर पॅनलवर शेवटचं हिरवं रीडिंग तसंच दिसत राहतं. कार्डावरची ‘लास्ट अपडेटेड’ तारीख बघितली तरच कळतं. स्मार्टडीचा ईमेल या सगळ्यावर अवलंबून नाही.

प्लॅटर७२००

स्मार्टडीशी सहमत. तरी स्क्रूटिनीची नोटिफिकेशनही लावा. स्क्रूटिनी.यॅमलमध्ये नोटिफायखाली यूआरएल्स, टेलिग्राम किंवा एसएमटीपी काहीही. एसएमटीपीचा पासवर्ड यूआरएलच्या आत जातो, म्हणून त्यात ॲट-चिन्ह असेल तर त्याजागी टक्का-चिन्ह आणि ४० लिहा. नाहीतर यूआरएल चुकीचा वाचला जाऊ शकतो. चाचणीसाठी /एपीआय/हेल्थ/नोटिफाय या पत्त्यावर कर्लने पोस्ट रिक्वेस्ट पाठवा. निरोप आला नाही तर कंटेनरचा लॉग बघा, चूक तिथे मिळते.

आणि ८०८० उघडा ठेवू नका. या पॅनलला लॉगिन नाही, आणि डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो, त्यामुळे यूएफडब्ल्यूत ‘डिनाय’ लिहूनही तो बाहेरून दिसू शकतो. कंपोझमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा आणि बाहेरून बघायचं तर एसएसएच टनेलने या. इन्फ्लक्सचा ८०८६ तुमच्या एका मशीनच्या सेटअपमध्ये पब्लिश करायची गरजच नाही, ती ओळ काढून टाका.