मदत हवी आहे: पोर्तुगीजमध्ये 'पावणेचार' नक्की कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी, लिस्बनमध्ये किंवा ब्राझीलमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? पुढच्या महिन्यात कामानिमित्त लिस्बनला जातेय, म्हणून पोर्तुगीज शिकतेय.

वेळ सांगणं बऱ्यापैकी जमतंय. 'ऑरा' (तास) स्त्रीलिंगी, म्हणून एक आणि दोनला 'उमा', 'दुआश'. एक वाजला तर एकवचनी 'ए उमा ऑरा', दोनपासून पुढे 'ए'च्या (आहे) जागी अनेकवचनी 'सांव' (आहेत). हे आपल्या 'वाजला-वाजले'सारखंच, त्यामुळे डोक्यात लगेच बसलं. साडेतीन म्हणजे 'त्रेश इ मैया', तेही सोपं.

गाडी अडते ती पावणेचारला. माझ्या ॲपमध्ये ब्राझीलची पद्धत आहे: 'किंझ पारा अश क्वात्रु', म्हणजे चारला पंधरा कमी. पोर्तुगालच्या पुस्तकात मात्र 'क्वात्रु मेनुश उं क्वार्तु' (चार उणे पाव) आणि 'उं क्वार्तु पारा अश क्वात्रु' (चारला पाव कमी) असे दोन प्रकार दिलेत. लिस्बनमध्ये रोजच्या बोलण्यात यातलं जास्त कानावर काय पडतं? आणि मी ब्राझीलच्या पद्धतीने बोलले तर समोरच्याला कळेल ना?

दुसरं म्हणजे, रेल्वेच्या वेळापत्रकात १५:४५ असं २४ तासांचं घड्याळ असतं. स्टेशनवर विचारताना 'पंधरा पंचेचाळीस' म्हणायचं की 'द तार्द' (दुपारचे) जोडून साधं पावणेचार?

व्याकरणाचे नियम पुस्तकात आहेतच हो, मला तिथल्या लोकांच्या तोंडचं हवंय. व्हॉइस नोट पाठवलीत तर फारच उत्तम, उच्चार देवनागरीत लिहून काही भागत नाही.