मृत्युप्रेरणेची कथा: शेवटी मरण दाखवावंच लागतं का?

कातरवेळ: मृत्युप्रेरणेवर कथा लिहितोय. नायक शेवटी मरतो. वाचणारे म्हणतात, दुःखी माणसाची गोष्ट आहे, बाकी काही नाही. चुकतंय कुठे? आणि कवितेत हे कसं साधतात?

रातकिडा: मरायची इच्छा म्हणजे मृत्युप्रेरणा, हे समीकरण आधी सोडा. माणसाला आतूनच नाशाकडे खेचणारं काहीतरी असतं, ही कल्पना मनोविश्लेषक फ्रॉइडने 1920 साली मांडली, तेव्हा त्याच्यापुढचं कोडं वेगळंच होतं: महायुद्धातून परतलेल्यांना स्वप्नात पुन्हा पुन्हा तोच भयंकर प्रसंग का दिसावा? सुख तर त्यात काडीचं नाही. म्हणजे खूण पुनरावृत्तीची. तुमच्या नायकाला कारण आहे, म्हणून तो नुसता दुःखी दिसतो. कारण काढा, पुन्हा पुन्हा तेच करायची खोड ठेवा.

पानगळ: एकच क्षुल्लक कृती तीनदा आणा. समजा, कुलूप पुन्हा ओढून बघणं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा त्यापायी गाडी चुकते, तिसऱ्यांदा नुकसान समोर दिसत असूनही हात कुलपाकडेच. चौथ्यांदा आणलीत की वाचक पुढचं ओळखतो, ताण संपतो. निवेदन थंड हवं. ‘भयाण’, ‘काळाकुट्ट’ खोडा. शेवटच्या पानावर बालपणीचा आघात तर आणूच नका, निम्म्या कथा तिथेच बसतात. अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पोची ‘द इम्प ऑफ द परव्हर्स’ (1845) बघा. सुरुवात चक्क निबंधासारखी. विषारी मेणबत्तीने केलेला खून पचलेला, वर्षानुवर्षं कुणाला संशय नाही. आणि एक दिवस खुनी भर रस्त्यात आपणहून कबुली देतो. पश्चात्ताप नाही, फायदा नाही. फाशीच्या आदल्या दिवशीच कथा थांबते.

रातकिडा: फक्त तिला ‘फ्रॉइडची कथा’ म्हणू नका, पो कितीतरी आधीचा. मनोविश्लेषक साबिना श्पीलराइननेही 1912 मध्येच नाशाची प्रेरणा मांडली होती. फ्रॉइडने तिची दखल घेतली ती तळटीपेत!

घुबड: कवितेत हे काम पुनरुक्ती करते. मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेत पहिल्या चार ओळींत ‘माना पडल्या’ दोनदा येतं: आधी ‘मुरगळल्याविण’, मग ‘आसक्तीविण’. मारणारा कुणी नाही, ओढही नाही; माना आपल्या पडतात. ओळीचा पहिला अर्धा तसाच ठेवा, शेपूट बदला. दोन्ही बदलले तर पुनरुक्ती कानाला लागतच नाही.

कातरवेळ: म्हणजे शेवट कापू?

पानगळ: नुसता कापून भागणार नाही. आधी त्या तीन कृती पेरा, मग शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. नायक जिवंत असूनही वाचताना चैन पडत नसेल, तर तो परिच्छेद नकोच.