मदत हवी आहे: रेसच्या गाडीवरचा नंबर लांबून वाचता येईल असा कसा लावायचा? अडतीसचा अठ्ठ्याऐंशी होतोय

नमस्कार मंडळी,

भाच्याच्या डर्ट रेसच्या गाडीबद्दल विचारायचं आहे. पुढची रेस दोन आठवड्यांवर आलीये, म्हणून जरा घाई आहे.

गाडी म्हणजे हिरोची मोटरसायकल, एक्सपल्स २००. हेडलाइट काढून तिथे पुढची नंबरप्लेट बसवली आहे आणि दोन्ही बाजूंच्या पॅनेलवर एकेक नंबर. नंबर अडतीस. गाडीवर आकडे इंग्रजीत असतात, त्यामुळे खाली तीन-आठ म्हणेन तिथे इंग्रजी आकडे डोळ्यांपुढे आणा. मराठी ३ आणि ८ यांत हा प्रश्नच येत नाही.

मागच्या रेसला ट्रान्सपॉन्डर (गाडीवर लावायचं, लॅपची वेळ आपोआप नोंदवणारं यंत्र) नव्हते. मांडवात टेबल टाकून दोघं जण लॅप लिहीत होते, एक जण नंबर ओरडणार आणि दुसरा तक्त्यात मांडणार. आमच्या हिशेबाने भाचा तिसरा आला होता. निकालात सहावा, एक लॅप कमी. मी तक्ता बघायला मागितला, त्यांनी लगेच दाखवला. चौथ्या लॅपच्या ओळीत जिथे अडतीस असायला हवा तिथे अठ्ठ्याऐंशी लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलेलं. अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी त्याच क्लासमध्ये होती. हरकत घ्यायची वेळही टळून गेली होती. पोरगं घरी येईपर्यंत एक शब्द बोललं नाही.

रात्री मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, आणि लिहिणाऱ्यांना दोष देता येणार नाही हे पटलं. आमच्या रेडियमवाल्याने मोठ्या हौसेने चंदेरी चकाकत्या शीटवर लाल तिरके आकडे कापून दिले होते, कडेला काळी शेड. दुपारी चारच्या उन्हात प्लेट नुसती चमकतेय, लाल रंग विरून गेलाय. त्यात तीनाच्या डावीकडच्या दोन्ही पोकळ्यांत चिखल बसलेला. काळी शेड आणि काळा चिखल एक झाले की तीनाचा चक्क आठ होतो. मी स्वतः तीन वेळा फसलो, आणि मला नंबर माहीत होता!

नंबर बदला असं कृपया सुचवू नका. आमच्या बाबांच्या राजदूतच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आहेत ते. मोटोजीपीवाल्या व्हॅलेंटिनो रॉसीने सेहेचाळीस धरला तो त्याचे वडील ग्राझियानो त्याच नंबरावर रेस करायचे म्हणून, आणि ब्रिटिश रेसर बॅरी शीनने १९७६ साली ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवूनसुद्धा पुढच्या वर्षी जगज्जेत्याचा एक नंबर न लावता सातच ठेवला, हे भाच्याला तोंडपाठ आहे. आजोबांचा नंबर तो सोडणार नाही, आणि मीही सोडू देणार नाही.

थोडं वाचलंय. एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या रेसच्या, नियमांत पुढचा आकडा किमान १४० मिमी उंच, बाजूचा १०० मिमी आणि आकड्याची रेघ २५ मिमी जाड असते. आमची रेघ जेमतेम १४ भरली. जुन्या ग्रां प्रीत (मोटरसायकलच्या जागतिक सर्किट रेसमध्ये) तर प्लेटच्या रंगावरून क्लास कळायचा: ५०० सीसीला पिवळ्यावर काळे आकडे, ३५० ला निळ्यावर पांढरे, २५० ला हिरव्यावर पांढरे, १२५ ला काळ्यावर पांढरे. आकडा वाचायच्या आधी रंग पोचतो, हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

तर विचारायचं असं की प्लेट पिवळी करावी की पांढरी? आणि पॅनेलवर स्टिकर टिकतच नाही, दोन धुण्यांत कडा उचलतात. त्याला काय करता?

प्रतिसाद: लॅपतक्ता

मी बरीच वर्षं मांडवात बसून नंबर लिहिले आहेत, म्हणून सांगतो. गाडी वळणातून बाहेर येते तेव्हा आकडा दिसायला सेकंदभर मिळतो. त्यात चारपाच गाड्या एकत्र. आपण आकडा वाचत नाही, आकार ओळखतो. म्हणून तिरकं, शेडचं, डबल बॉर्डरचं सगळं काढून टाका. सरळ उभा जाड ठसा घ्या, फ्यूचुरा किंवा युनिव्हर्स या फॉन्टचा बोल्ड. तीन गोल पोटाचा असू दे, त्याची डावी बाजू चांगली उघडी ठेवा आणि दोन आकड्यांत बोटभर जागा सोडा.

आधी आयोजकांचं पत्रक बघा, क्लासप्रमाणे रंग ठरवून दिलेला असेल तर तोच लावावा लागेल. मोकळीक असेल तर माझं मत पांढऱ्यावर काळा. शीट मात्र मॅट. रेडियमच्या दुकानात काही सांगितलं नाही तर चकाकतीच लावून देतात.

आणि ट्रान्सपॉन्डर असला तरी नंबर लागतोच. तो फक्त फिनिश लाइनखालच्या तारेवरून गेल्याची वेळ सांगतो. वळणावर कोण पडलं, कुणाच्या गाडीतून तेल गळतंय, हे ट्रॅकच्या कडेला उभा असलेला मार्शल वॉकीटॉकीवर नंबरानेच कळवतो. सर्किटच्या रेसमध्ये गाडीत बिघाड दिसला की काळ्यावर नारिंगी गोल असलेला झेंडा दाखवतात, त्याच्यासोबत नंबराची पाटी असते. नंबर चुकीचा वाचला गेला तर भलताच रायडर बाहेर येतो आणि तेल सांडणारा फिरत राहतो.

प्रतिसाद: गॅरेजवाली

दादा, कडा उचलतात कारण ते पॅनेल पॉलिप्रॉपिलीनचं असणार, त्याला गम धरत नाही. साधं विनाइल नको, मोटोक्रॉसच्या ग्राफिक्सचं जाड आणि कडक गमाचं मागा. पॅनेल काढून भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. स्टिकरचे कोपरे गोल कापून घ्या. हेअर ड्रायरने कोमट करून मधून बाहेर जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या. रात्रभर तसंच ठेवा, लगेच पाणी मारू नका. पुढे धुताना प्रेशरचा पाइप कडेवर धरू नका.

चिखलासाठी स्टिकर लावून झाल्यावर प्लेटवर सिलिकॉन स्प्रे फडक्याने पुसून घ्या. थेट मारू नका, ब्रेकच्या डिस्कवर गेला तर जिवावर बेतेल.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. पत्रकात रंगाची अट नव्हती. काल पांढऱ्या मॅटवर काळे आकडे कापून आणले, रेघ २५ मिमी. तीनात मुद्दाम ओला चिखल थापला आणि तीस पावलांवरून बाबांना फाटकातून वाचायला सांगितलं. "अडतीस," म्हणाले, आणि मग जवळ येऊन प्लेटवरून हात फिरवत बसले. फोटो काढून मोबाईलवर काळा-पांढरा करून पाहिला, तरी वाचता येतोय. बाजूचेही डावीकडे उत्तम बसलेत.

एकच राहिलंय. उजव्या पॅनेलवर भाच्याच्या बुटाची टाच घासते, तिथला आठाचा खालचा कोपरा सरावातच सुटायला लागलाय. आकडा दोन बोटं वर सरकवू की त्यावर पारदर्शक जाड फिल्म लावू? फिल्म चकाकेल अशी भीती वाटते. कोणी लावून पाहिली आहे का?