मदत हवी आहे: तापाचं औषध चुकीच्या बाटलीतून गेलं

आम्ही चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो. परवा संध्याकाळपासून ताप, काखेत १०२ भरतो. काल डॉक्टरांना दाखवलं. घसा लाल आहे म्हणाले, पॅरासिटामॉल ६ मिली लिहून दिलं, लागलं तर सहा-सहा तासांनी.

घोळ रात्री झाला. लाइट गेलेली. ह्यांनी फडताळातली बाटली काढली आणि ६ मिली पाजलं. सकाळी बघते तर ती मोठीच्या वेळची! नवीन बाटलीवर ५ मिलीत १२० मिग्रॅ लिहिलंय, जुनीवर ५ मिलीत २५०. नाव तेच, रंगही तोच. म्हणजे १४४ च्या जागी ३०० गेलं. पोरगा आत्ता पेज प्यायलाय, खेळतोय, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. डॉक्टर फोन उचलत नाहीयेत. काही होईल का?

दुसरं म्हणजे सासूबाई त्याला गोधडीत गुंडाळून ठेवतात. घाम आला की ताप उतरतो म्हणे. मी काढते, त्या पुन्हा घालतात.

औषधवाला, अमळनेर
ताई, डोस किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे तुमच्या बाळाला १३० ते १९५. ३०० जास्तच झाले. पण किलोमागे हिशोब केला तर २३ येतात. एकाच वेळी किलोमागे १५० च्या आसपास गेलं की विषबाधेची काळजी करतात. त्यामुळे एका चुकीने घाबरू नका. डॉक्टरांना मात्र सांगाच, फोन लागत नसेल तर दवाखान्यात जा. त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढचा डोस नको. सर्दीचं सिरप चालू असेल तर लेबल वाचा, त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. आणि चमच्याने मोजू नका, मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. आमच्याकडे लोक नुसतं ‘तापाची बाटली द्या’ म्हणतात. कितीची, ते कोणी विचारत नाही.

भुसावळची मावशी
गोधडी काढ गं! पातळ सुती कपडा घाल, पंखा हळू ठेव. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, बर्फाने नाही, पोर कुडकुडतं. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांच्याकडे पाण्याची वाटी दे. पोऱ्याले घडी घडी पानी पाजा म्हणावं. त्यांनाही काहीतरी करायचं असतं.

नर्सताई
पावसाळा आहे, डेंग्यू डोक्यात ठेवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयबुप्रोफेन नको, ॲस्पिरिन तर नाहीच. डेंग्यूत ताप उतरताना जास्त जपावं लागतं: पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, पोर मलूल. यातलं एक जरी दिसलं तर थांबू नका. झटका आला, श्वास लागला किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तरी तेच. गाडी नसेल तर १०८ लावा.

धागाकर्ती
डॉक्टरांशी बोलले. दुपारपर्यंत औषध नको, नंतर ताप असेल तरच, तेही नवीन बाटलीतलं. उद्याही ताप राहिला तर रक्त तपासायचं. जुनी बाटली हे कचऱ्यात टाकायला निघाले होते, तेव्हा मुदत बघितली तर ती मार्चमध्येच संपलेली. सासूबाईंनी गोधडी काढली, आता त्यांचं जुनं मऊ लुगडं पांघरलंय. त्यावर मी काही बोलले नाही.