थंडीत ऐनवेळी न पेटलेली यंत्रं: तुमचे अनुभव लिहा

शहापूरकर: काल रात्री कोलोरॅडोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. आरव्ही घेऊन फिरायलाय, म्हणजे चाकावरचं घरच. बाहेर बर्फ आणि हीटरची भट्टी पेटंना. पंखा फिरतोय, आग नाही. शेवटी कळलं, बॅटरी उतरलेली. त्यात वाऱ्यानं एक पाती ढकलली जाते, 'सेल स्विच' म्हणतात, मगच ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. 12 व्होल्टचा पंखा मंद, पाती हलंना. जनरेटर लावला, पेटली.

मला आमचा गॅस गिझर आठवला. 2011चा डिसेंबर, घरभर पाहुणे, चिकोडीला लग्नाला जायचं. नळ सोडला तर टकटकसुद्धा नाही! सेल दोनदा बदलले. मेकॅनिक 'आलोच' म्हटला खरं उगवला दुपारी. पाणी आत जातंय तिथली जाळी गाळानं गच्च. त्यातपण तेच की, पाण्यानं दाब दिला तरच ठिणगी. सगळे गार पाण्यानं आंघोळून गेलो, मामा नुसतं गंध लावून.

निपाणीवाला: सेल स्विच म्हणजे सेलचा स्विच नव्हे होय? 😂

शहापूरकर: शिडाचा सेल गा, जहाजाचं शीड.

खानापूरची लेक: आमच्याकडं बंब. पावसाळ्यात जळण ओलं झालं की तोही रुसायचा. आई शेणी, करवंट्या घालून फुंकत बसायची, डोळे लाल. बंब मोडीत घातला त्या दिवशी जेवली नाही. कुकर झाला, पळते.

टिळकवाडी 2: टकटक होतंय खरं पेटत नाही, तर आधी गॅस बघा. आम्ही दोन दिवस गिझरला शिव्या घातल्या, सासूबाईंनी रेग्युलेटर बंद केलेला.

अनगोळची काकू: गिझर न्हाणीच्या आत असेल तर बाहेर काढा आधी. आमच्या शेजारचं पोरगं आत बेशुद्ध पडलं, दार फोडून काढलं. वाचलं बापडं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

टिळकवाडी 2: बापरे. आमचा आतच आहे. आजच सांगते ह्यांना.

चिकोडीकर: 2011 डिसेंबर? जिलेबी संपलेली तेच लग्न काय?

शहापूरकर: तेच की! तुम्ही कुणाकडून?

चिकोडीकर: मुलीकडून. जिलेबी तुमच्या मामांनीच संपवली असणार.

निपाणीवाला: सेल मोठे लागतात का मधले? आमचा आत्ता पण गप्पच.

शहापूरकर: मोठे, दोन. पत्तीवर हिरवा गंज असला तर घासून घे आधी.