लहान मुलांची फूड अ‍ॅलर्जी टेस्ट केलीय का कुणी? अनुभव सांगा

पुतणीनं पांढरा रस्सा खाल्ला आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी, ओठ सुजले. रश्श्यात काजू, तीळ, खसखस, खोबरं सगळंच, नेमकं कशानं झालं कळंना. डॉक्टर टेस्ट करूया म्हणतात, आज्जी म्हणतीय पित्त उठलंय, एवढ्याशा पोरीला सुया कशाला.

शाहूपुरीची आई: सुया नाहीत हो तशा. हातावर संशय असलेल्या पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकून वरच्यावर टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी 3 मिमी किंवा जास्त फुगवटा आला की पॉझिटिव्ह धरतात. सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची औषधं काही दिवस आधी बंद लागतात, कधीपासून ते डॉक्टरच सांगतील, नाहीतर टेस्ट फसते. आमच्याकडं शेंगदाणा निघाला. आता भाजीत कूट, चटणीत कूट, पाहुण्यांकडं गेलं की भडंग, लग्नाला डबा घेऊनच जातो, लोक हसतात, हसूदेत.

रंकाळाकर: आम्ही रक्ताचं मोठं पॅनल केलं, म्हणजे एकदम बऱ्याच पदार्थांची टेस्ट. गहू, तूर, दूध, अंडं सगळं पॉझिटिव्ह! पोरगं तर हे रोज खात होतं, कधी काही झालं नव्हतं. तरी भीतीनं सगळं बंद, वजन उतरलं. मग अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असेलच असं नाही, खाल्ल्यावर काय होतं ते आधी बघायचं आणि संशय आहे तेवढ्याचीच टेस्ट करायची. आयजीजी नावाच्या दुसऱ्याच अँटिबॉडीची पॅनलं विकतात त्यावर तर पैसे घालूच नका.

दुधाची वैतागलेली: लेकीला गाईचं दूध चालत नाही म्हटल्यावर सगळे म्हणाले गंगावेशीतलं धारोष्ण म्हशीचं दे, नाहीतर शेळीचं. अहो प्रोटीन जवळपास तीच, रिअ‍ॅक्शन येऊ शकते. नंतर दवाखान्यात चॅलेंज टेस्ट केली, थोडं थोडं वाढवत दूध पाजतात आणि बघत बसतात. मधेच खोकला आणि उलटी सुरू झाली, लगेच मांडीत इंजेक्शन. तिथं होतो म्हणून निभावलं, घरी चाखवून बघायचं धाडस कुणी करू नका.

नर्सताई: ते मांडीतलं इंजेक्शन म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. आवाज बसला, धाप लागली, पोर गळून गेलं तर सेट्रिझिन पाजत बसू नका, त्यानं श्वास मोकळा होत नाही, थेट दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी काही तास थांबवून घेतात, रिअ‍ॅक्शन परत उठू शकते. आणि पुतणीच्या टेस्टला जाताना रश्श्यातल्या सगळ्या जिनसा लिहून न्या, वाटणासकट.