पेटंट काचेचं नाही, चुंबकाच्या युक्तीचं

एका भाऊंनी विचारलंय, उष्णता परतवणाऱ्या काचेवर प्लाझ्माने (विजेने भारलेल्या वायूने) चांदीचा थर देतात त्यात पेटंट घेण्यासारखं काय? थर देणं जुनंच. निर्वात पेटीत आरगॉन वायूचे आयन (विद्युतभारित अणू) चांदीच्या पत्र्यावर आदळतात, उडालेले अणू काचेवर बसतात. पण काम फार हळू व्हायचं. संशोधक जॉन चॅपिनने पत्र्यामागे चुंबक लावून इलेक्ट्रॉन तिथेच अडकवले. प्लाझ्मा दाट, थर झटपट. १९७९चं अमेरिकन पेटंट, मुदत केव्हाच संपली.

बाकी भो, जळगावच्या मे महिन्यात दुकानाला अशी काच लावणार असाल तर एकेरी नको. चांदीचा थर जेमतेम १०-१५ नॅनोमीटरचा, उघडा राहिला की दमट हवेने डागाळतो. दुहेरी काच घ्या, थर दोन काचांमधल्या पोकळीकडे. आणि हो, तो फडक्याने घासून पाहू नका!